सुईचं हलकं काम

आमच्या इमारतीच्या भिंती इतक्या पातळ आहेत की पलीकडे कुणी शिंकलं तर मी इकडे रुमाल शोधते. लोक मला भोचक म्हणतात, पण मी वाईट वाटून घेत नाही. दोष भिंतीचा आहे, मी फक्त तिला कान लावते.

माझ्या उजव्या भिंतीपलीकडे सुई राहते. हे काही तिचं कागदावरचं नाव नाही. बुटांच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर तिची चौदा वर्षं गेली, अंगकाठी तशीच आणि जीभही तशीच, म्हणून सगळा मजला तिला सुई म्हणतो. ती त्या हाकेला ओ पण देते. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तो रोज तीन जिने चढून धापा टाकत येतो आणि मी रोज दारातून विचारते, "काय हो, आज बंद का लिफ्ट?" इतकी वर्षं झाली, अजून हसतो बिचारा. फार चांगला माणूस. इतका चांगला, की भांडण झालं तर दोन्ही बाजूंना मान डोलावतो.

त्याची धाकटी बहीण म्हणजे चिमणी. लहानपणी सतत चिवचिव करायची म्हणून घरात चिमणी पडलं ते पडलंच. सुई लग्न होऊन आली तेव्हा चिमणी घरी नुसती बसून होती. सुईनंच तिला कारखान्यात चिकटवलं, मशीन शिकवली, बोटात सुई घुसली तर रडायचं नाही हेही शिकवलं. दोघी एकाच वयाच्या, त्यामुळे नणंद-भावजय कमी आणि मैत्रिणी जास्त. सुई तिला "ए चिमणे" म्हणायची, चिमणी तिला "वहिनी, तू ना". जिन्यातून दोघी वर यायला लागल्या की खिदळणं आधी यायचं आणि माणसं मागून.

आता कारखान्यातलं एक टेबल तुम्हाला दाखवायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. बुटाचा वरचा भाग शिवून झाला की त्याला खालचा सोल चिकटवतात. चिकटवायचा पदार्थ पिवळट, घट्ट, डब्यात येतो. त्याला तिथे सगळे 'सोल्युशन' म्हणतात. हॉलच्या कोपऱ्यात खिडकीपाशी सोल्युशनचं टेबल आहे. खिडकी खिळे ठोकून बंद, कारण वाऱ्यानं धूळ आली की ओल्या सोल्युशनवर बसते. वास असा, की पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी, दुसऱ्या दिवशी डोकं, आणि पंधरा दिवसांनी वासच येत नाही. सुई म्हणते, वास येईनासा झाला की खरं घाबरावं. आणि ते नखांत एकदा गेलं की पाण्यानं निघत नाही. तेल चोळावं लागतं.

चार वर्षांपूर्वी त्या टेबलावर चिमणी बसायची. तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. तिला दिवस गेले, आणि दुसऱ्या महिन्यात ती सोल्युशनच्या डब्याशेजारीच ओकली. सुई त्या वेळच्या सुपरवायझरकडे गेली आणि म्हणाली, "पोटुशी बाई त्या कोपऱ्यात नको. ती माझ्या मशीनवर बसेल, मी तिच्या जागी." सुपरवायझरला काय, टेबलाला माणूस मिळाल्याशी मतलब. सुई सहा महिने तिथे बसली. संध्याकाळी घरी आली की आधी बेसिनपाशी तेलाची बाटली. मी भिंतीपलीकडून ओरडायचे, "अगं, तळायला तरी ठेव थोडं!" चिमणीला मुलगी झाली, गुटगुटीत, बापासारखी नकटी. चिमणी सगळ्यांना सांगायची, "माझ्या पोरीला दोन आया आहेत."

दोन वर्षांनी चिमणी सुपरवायझर झाली. मशीनवरून वर गेलेली पहिली बाई. सुईनंच मजल्यावर सगळ्यांचं तोंड गोड केलं. मी विचारलं, "आता तिला काय म्हणणार गं?" सुई म्हणाली, "कारखान्यात मॅडम, घरी चिमणी. आणि हातून चूक झाली तर दोन्हीकडे चिमणी."

मग सुईला दिवस गेले. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. या नऊ वर्षांत भिंतीपलीकडून मी काय काय ऐकलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणजे किती गंभीर गोष्ट असेल ते समजून घ्या. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं, हे मूल टिकवायचं तर जपायला लागेल.

जपायचं कसं? गेल्या वर्षी शिलाईच्या हॉलमधून खुर्च्या काढून टाकल्या होत्या. उभ्यानं काम जास्त होतं म्हणे. मशीन उंच केल्या, आणि शिवलेल्या जोडांची खोकी जिची तिनं उचलून पुढे न्यायची. सुईला पाचवा लागला तोवर पाय खांबासारखे सुजले. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. तीन ओळी, मला अजून पाठ आहेत: जड उचलायचं नाही. फार वेळ उभं राहायचं नाही. रसायनांच्या वाफेजवळ बसायचं नाही.

रविवारी सकाळी सुई ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. "काकू, अर्ज लिहून द्या." मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. मजल्यावरचे सगळे अर्ज माझ्या हातचे. अक्षर मोत्यासारखं, आणि भाषा अशी की वाचणाऱ्यानं सदऱ्याचं वरचं बटण लावूनच वाचावं. सुईबरोबर चिमणीही आली होती. माझ्या पलंगावर मांडी घालून माझी बिस्किटं खात होती.

मी तिन्ही ओळी अर्जात उतरवायला घेतल्या तर चिमणी म्हणाली, "काकू, एवढं नका लिहू हो. रसायन वगैरे वाचलं की ऑफिसवाले घाबरतात. म्हणतील, मग बस घरीच, बिनपगारी. साधं लिहा, हलकं काम मिळावं. पुढचं मी बघते ना."

"आणि चिठ्ठी जोडायची ना?" सुईनं विचारलं.

"दे माझ्याकडे. गरज पडली तर मी दाखवीन. वहिनी, तू पण ना! मी आहे तिथे."

भिंतीला टेकून नवरोबा उभे होते. त्यांनी मान डोलावली. "चिमणी आहे ना. घरातलीच आहे."

खरं सांगते, मलाही पटलं. डॉक्टरीणबाईंची वाक्यं कशी, दुकानातून सामान आणायला सांगितल्यासारखी. अर्ज म्हणजे अर्ज वाटला पाहिजे. मी लिहिलं: 'प्रकृतीच्या कारणास्तव, माझ्या विनंतीवरून, मला कोणतेही हलके काम देण्यात यावे, ही नम्र विनंती.' एका वाक्यात दोनदा विनंती. नम्रपणात मी कधी कंजुषी करत नाही. आणि 'कोणतेही' हा शब्द माझा स्वतःचा. कुणी सांगितला नव्हता. वाक्याला भारदस्तपणा येतो म्हणून घातला.

सुईनं सही केली. चिमणीनं चिठ्ठीची चार घड्यांची घडी करून पर्समध्ये टाकली, आणि उरलेलं बिस्कीट तोंडात.

सोमवारी सुईला सोल्युशनच्या टेबलावर बसवलं.

संध्याकाळी तिनं मला जिन्यातच सांगितलं. तिला वाटलं चिमणी थट्टा करतेय. "ए चिमणे, इथे? मला?" तर चिमणीनं आजूबाजूला बघितलं, कारण चारचौघांत मॅडम म्हणायचं ठरलेलं. मग हळूच म्हणाली, "वहिनी, बघ तरी, अख्ख्या हॉलमध्ये एकच खुर्ची उरलीय, ती तुला दिली. उचलायचं काही नाही, नुसता ब्रश फिरवायचा. याहून हलकं काम कुठलं? आणि सोल्युशन आता नवीन आलंय, वास कमी आहे. तीनच आठवडे. मग मी पॅकिंगमध्ये घेते तुला."

"आणि तू बसलीस?" मी विचारलं.

"ती म्हणाली ना तीन आठवडे."

बघा हं. दूधवाल्यानं पेलाभर पाणी घातलं तर तासभर टोचणारी बाई. पण ही सुई परक्यांनाच टोचायची. घरच्या माणसांपुढे तिला टोकच नव्हतं.

तीन आठवड्यांचे चार झाले, मग सात. दर शुक्रवारी चिमणी म्हणायची, "सोमवारी नक्की." सुईचं डोकं दुखायचं, जेवण जायचं नाही. घरातले म्हणायचे, असंच असतं या दिवसांत. नवरा म्हणाला, "मी बोलू का चिमणीशी?" आणि मग बोलला नाही. मी तर त्याहून शहाणी. तिच्या कपड्यांना, केसांना नव्या बुटांचा वास यायचा आणि मी तिला चिडवायचे, "अगं, तुझं पोर बूट घालूनच जन्माला येणार बघ, नाडीसकट!" ती हसायची, पोटाला हात लावून. हा विनोद मी निदान दहा वेळा केला असेन. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की मी काय बोलतेय.

एक दिवस मात्र ती म्हणाली, "काकू, आज मला वासच येत नव्हता."

दुसऱ्या दिवशी तिनं चिमणीला हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, मला इथून हलव, नाहीतर माझी चिठ्ठी परत दे, मी स्वतः ऑफिसात नेते. चिमणी म्हणाली, "सोमवारी, वहिनी, शपथ." त्या सोमवारी, म्हणजे अकरा आठवडे झाल्यावर, सुई दुपारी खुर्चीतून उठायला गेली आणि डब्यांवर आडवी झाली.

मूल दीड महिना आधी आलं. मुलगी. माझ्या हाताच्या पंजाएवढी म्हटलं तर तुम्ही म्हणाल काकू वाढवून सांगते, पण या वेळी नाही. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. सुई पेटीच्या भोकातून हात घालून एका बोटानं तिच्या पायाला स्पर्श करायची आणि दर वेळी आधी आपल्या बोटाचा वास घ्यायची. डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे सोल्युशनमुळे झालं का? त्या म्हणाल्या, "नक्की तसं सांगता येत नाही. पण तिथे बसायचं नाही हे मी नक्की लिहिलं होतं."

मूल वाचलं. घरी आलं. पण दवाखान्यातून कागद पुढे गेले होते, त्यामुळे कामगार तपासणी खात्याच्या एक बाई कारखान्यात चौकशीला आल्या. बुटक्या, चष्म्याच्या, स्वतःचा चहा थर्मासमध्ये घेऊन आलेल्या. अर्ज लिहिणारी म्हणून मलाही बोलावलं. मी चांगली साडी नेसून गेले, आता लाज वाटते सांगायला.

टेबलाच्या एका बाजूला कारखान्याचे मोठे साहेब आणि चिमणी. दुसऱ्या बाजूला सुई, तिचा नवरा, मी. मोठ्या साहेबांनी माझा अर्ज वाचून दाखवला. माझ्या मोत्यासारख्या अक्षरातला. "माझ्या विनंतीवरून. कोणतेही. हलके काम. आम्ही तेच दिलं." मग त्यांनी सोल्युशनचा ब्रश मागवला आणि तपासणीच्या बाईंच्या हातात दिला. "बघा वजन."

बाईंनी ब्रश हातावर तोलला. "हलका आहे," त्या म्हणाल्या. "वाफ मात्र जड असते, साहेब. वर जात नाही, खाली साचते. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नाकाशी." आणि ब्रश ठेवून रुमालाला हात पुसले. "डॉक्टरांची चिठ्ठी होती म्हणतात?"

मोठ्या साहेबांनी चिमणीकडे पाहिलं. चिमणी टेबलाकडे बघत म्हणाली, "मला कुणी चिठ्ठी दिली नाही."

माझ्या तोंडातून निघालंच, "अगं, माझ्या पलंगावर बसून तू—"

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"शेजारीण."

"बरं. म्हणजे भिंतीतून दिसलं असेल." आणि ते हसले. एरवी मीच हसले असते, विनोद वाईट नव्हता.

सुईच्या नवऱ्यानं एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि मान डोलावली नाही. मला वाटतं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच. पण तोंडही उघडलं नाही.

तपासणीच्या बाई हजेरीचं रजिस्टर चाळत होत्या. "या टेबलावरची आधीची बाई काम सोडून कधी गेली?"

"शुक्रवारी," चिमणी म्हणाली.

"आणि हा अर्ज रविवारचा."

"मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं," चिमणीचा आवाज एकदम पातळ झाला, "सोमवारी टेबलाला माणूस हवा, नाहीतर तूच बस."

म्हणजे माझ्या पलंगावर मांडी घालून बिस्किटं खाताना तिला माहीत होतं. कोणती जागा रिकामी झालीय ते माहीत होतं, म्हणून 'रसायन' शब्द गाळायला लावला. आणि मी शहाणीनं वर 'कोणतेही' घालून दिलं. मी सुईकडे बघितलं. मला वाटलं आता ती रडेल नाहीतर ओरडेल. ती नुसती नीट सरळ बसली.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्हाला दिवस गेले होते तेव्हा त्या टेबलावर कोण बसलं होतं?"

तुम्ही. तेवढा एक शब्द. बाकी कुणाच्या लक्षात आला नसेल, पण माझ्या आला. या दोन वर्षांत सुईनं तिला हॉलमध्ये लोकांदेखत मॅडम म्हटलं असेल, पण हसत, डोळा मारून. असं कधी नाही.

बाईंनी पेन उचललं. "उत्तर द्या. कोण बसलं होतं?"

"वहिनी," चिमणी म्हणाली.

"का?"

"मला सोसत नव्हतं म्हणून."

बाईंनी ते लिहून घेतलं. खिडकीचे खिळे निघाले, वाफ ओढणारा पंखा बसला, पोटुश्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला त्या टेबलावर बसवायचं नाही असा बोर्ड लागला, शिलाईच्या हॉलमध्ये खुर्च्या परत आल्या. चिमणीला समज दिली. मोठ्या साहेबांना काय दिलं ते मला कळलं नाही. मला जे कळत नाही ते बहुतेक झालेलंच नसतं. चिमणी सुपरवायझरच राहिली. म्हणजे बाळंतपणाची रजा संपली की सुई परत तिच्याच हाताखाली.

रजेच्या शेवटच्या रविवारी सुई पोरीला घेऊन माझ्याकडे आली. "काकू, अर्ज लिहून द्या."

मी म्हटलं, "माझ्या हातचा? अजून?"

"तुमच्याच हातचा. पण मी सांगते तेवढंच. तुमचा एक शब्द घालायचा नाही."

आणि ती सांगत गेली, मी लिहीत गेले. मला सोल्युशनच्या टेबलापासून लांब, दाराच्या बाजूची मशीन हवी. पाठ टेकायला पाठीची खुर्ची हवी. दिवसातून दोनदा दूध काढायला खोली हवी, आतून कडी लागणारी, डबे ठेवायची नव्हे. तिथे बसायला स्टूल आणि हात धुवायला नळ हवा. मध्येच मला वाटलं, शेवटी निदान एक 'कृपया' टाकावं. मी पेन थांबवलं तर सुई म्हणाली, "काकू." मी पुढे लिहिलं.

सही व्हायला आणि चिमणी दारात यायला एकच गाठ पडली. भाचीला बघायला आली होती. सुई घरी नाही म्हटल्यावर कुठे असणार हे तिला माहीतच. ती पलंगावर बसली नाही. पर्समधून चार घड्यांची चिठ्ठी काढून सुईपुढे धरली.

"तुझी आहे," ती म्हणाली. "माझ्याकडेच होती. त्या दिवशी साहेब शेजारी होते गं... माझी पण पोर आहे, वहिनी."

सुईनं चिठ्ठी घेतली नाही. पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "बरं झालं आणलीत. अर्जाला जोडा. आणि मला पोच द्या."

"पोच? घरात?" चिमणी हसायला गेली. "आपण घरातलीच माणसं ना? कागद कशाला?"

"मागच्या वेळी घरातली म्हणूनच जोडला नव्हता."

चिमणीनं माझ्याकडे बघितलं, जणू मी काही विनोद करून सोडवीन. माझ्याकडे एकही नव्हता. मी पेन पुढे केलं. तिनं चिठ्ठीच्या घड्या उलगडल्या, टाचणी लावली, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर 'अर्ज व सोबत डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली' असं लिहून सही केली. सुई म्हणाली, "तारीख." तिनं तारीख घातली. त्या तीन ओळी आपल्याला मिळाल्या, हे तिनं पहिल्यांदा तिथे कागदावर कबूल केलं.

मग तिनं हात पुढे केले. "दे ना जरा माझ्याकडे. तू मला अशी तुम्ही-तुम्ही किती दिवस करणार गं?"

सुई तिच्या हातांकडे बघत होती, म्हणून मीही बघितलं. दहाही नखांच्या कडेला पिवळं. जुनं, वाळलेलं, त्यावर नवीन. बोर्ड लागल्यापासून त्या टेबलाला बाई मिळत नाहीय हे मी ऐकलं होतं. कोण बसतंय ते मात्र आत्ता समजलं.

"आधी हात धुवा," सुई म्हणाली.

चिमणी माझ्या बेसिनपाशी गेली. नळ सोडला, साबण लावला, पुन्हा लावला. कितीतरी वेळ घासत होती. बोटं लाल झाली, नखं तशीच.

सुई उठली. पोरीला घट्ट धरून, दुसऱ्या हातानं माझ्या ओट्यावरची तेलाची बाटली उचलली आणि बेसिनच्या कडेला ठेवली.

"पाण्यानं नाही जात ते, मॅडम," ती म्हणाली. "तेल घ्या."